भावजींचे राहिलेले सिनेमे

आमच्या भावजींना सिनेमा कसा वाटला असं विचारलं, की ते माशाचं नाव सांगतात.

नायक दिसायला देखणा पण शेवटपर्यंत कणा नसलेला असेल, तर "बोंबील". गाणी ढीगभर आणि गोष्ट चिमूटभर, तर "नुसतं कालवण". महिनाभर जाहिरात गाजली आणि आत काहीच निघालं नाही, तर "सुकट, वासच मोठा". जुनीच गोष्ट नवे कपडे घालून आली, तर "बर्फातला". मारामारीत गोष्ट सापडेनाशी झाली, तर "काटे". आणि फार म्हणजे फारच आवडला, तर "जिताडा". खरा जिताडा बाजारात मिळायची मारामार, तशीच सिनेमातही.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान, यशवंत म्हात्रे. नागावला समुद्राच्या अलीकडे त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीतच तीन खोल्या बांधून ते पर्यटकांना देतात. मी कुंपणापलीकडे राहतो. रोज अलिबागला नोकरीला जातो आणि संध्याकाळी ताईकडे चहा घेतल्याशिवाय घरी जात नाही. त्याबद्दल बायकोपुढे मला जरा अपराधी वाटतं. पण मला बहुतेक गोष्टींबद्दल जरा अपराधी वाटतंच. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी वाटतं.

भावजी आपली मतं नुसती बोलून थांबत नाहीत, लिहूनही ठेवतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. आपण जिथे "दूध नाही" किंवा "गॅस लावला" असं लिहितो ना, त्याच चौकटीत. चौकट बोटाच्या पेराएवढी, त्यात ताईचा दुधाचा हिशेब आधीच बसलेला. त्यामुळे मत दोन शब्दांपलीकडे जात नाही. "गॅस लावला. बोंबील." "दूध एक लिटर जास्त. काटे." जुनी कॅलेंडरं टाकायची नाहीत हा भावजींचा दंडक. ती सगळी एकाच खिळ्याला लटकलेली असतात, आणि तो गठ्ठा आता इतका जाड झालाय की दार पूर्ण उघडत नाही.

एकदा पुण्याचे पाहुणे उतरले होते. त्यातल्या बाई पाणी मागायला स्वयंपाकघरात आल्या आणि कॅलेंडरकडे बघून खूश होऊन बाहेर गेल्या. त्या दिवसाच्या चौकटीत "जिताडा" लिहिलेलं होतं. रात्रीच्या जेवणाचा बेत तिथे लिहिलाय असं त्यांनी धरलं, आणि सगळ्या पाहुण्यांना सांगूनही टाकलं. तुमचा गैरसमज झालाय, हे त्यांना सांगायचं कोणी? ताई माझ्याकडे बघायला लागली, मी भावजींकडे. भावजींनी निमूट स्कूटर काढली, अलिबागचा सगळा बाजार पालथा घातला आणि एक जिताडा घेऊन आले. पाहुण्यांनी बोटं चाटली. नंतर भावजी एवढंच म्हणाले, "सिनेमा चांगला निघाला त्याचा दंड." तेव्हापासून घरात पाहुणे असताना कुठलाही सिनेमा जिताडा ठरवायला ताईने बंदी घातली.

श्रावणात तर वेगळीच पंचाईत. भावजी श्रावण कडक पाळतात आणि त्यांचं म्हणणं असं, की जे खायचं नाही त्याचं नाव घरात लिहायचंही नाही. मग महिनाभर सिनेमांना भाज्यांची नावं पडतात. दुधी, पडवळ, अळूचं फदफदं. यात सिनेमावर अन्याय होतो हे त्यांनाही पटतं. कितीही चांगली भाजी झाली तरी भाजीच, असं म्हणून श्रावणातले सिनेमे ते गणपतीनंतर पुन्हा बघतात आणि मग खरं मत देतात.

एवढे सिनेमे त्यांना मिळतात कुठून, तर पाहुण्यांकडून. पाहुणे खोलीतल्या टीव्हीवर आपलं खातं उघडतात आणि जाताना बंद करायला विसरतात. भावजी खोली झाडायला जातात ते तिथेच पलंगावर बसतात. पाहुण्यांनी अर्धवट सोडलेला सिनेमा ते बरोबर तिथूनच पुढे बघतात. मी एकदा म्हणालो, भावजी, पहिल्यापासून तरी बघा. तर म्हणाले, पहिला अर्धा त्यांनी बघितलाय की, परत कशाला वीज जाळायची. अशा सिनेमांपुढे "शेपटाकडचा तुकडा" असं लिहिलेलं असतं.

हे असं छान चाललं होतं. मागच्या दिवाळीनंतर ताईला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या आणि नवी मुंबईच्या एका दवाखान्यात तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलावा लागला.

त्या दिवसांत भावजी दवाखान्यातून हलले नाहीत. पण ते करत काय होते? काचेच्या दारासमोरच्या बाकावर बसून मोबाईलवर सिनेमे बघत होते. एक संपला की दुसरा. भेटायला येणारे नातेवाईक आधी त्यांच्याकडे बघत, मग मला कोपऱ्यात घेऊन विचारत, अरे, बायको आत आणि याला सिनेमे सुचतात कसे? मी काहीतरी सारवासारव करायचो. मनातून मलाही राग येत होता. पण बोलायला तोंड नव्हतं, कारण ऑपरेशन चालू असताना मी खाली कँटीनमध्ये जाऊन मिसळ खाल्ली होती, आणि ती मला आवडली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई घरी आली. जखमही ठीक भरत होती. पण ताई झोपेना.

रात्र नाही, दुपार नाही. पडवीतल्या खाटेवर छताकडे बघत पडून राहायची. डोळा लागायला आला की दचकून उठायची. मी खोदून विचारलं तेव्हा एकदा सांगितलंन, "त्यांनी मला टेबलावर झोपवून आकडे मोजायला सांगितले, शरद. तीनपर्यंत मोजलं. त्याच्यापुढे मी नव्हतेच. आता डोळा मिटायला लागला की तसंच वाटतं. आता मी नसणार."

डॉक्टरांनी गोळी दिली होती. गोळीने गुंगी यायची आणि तिला नेमकी तीच नको होती, म्हणून ती गोळी गालात धरून नंतर थुंकायची. रक्तदाब खाली येईना. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर वाट बघू, झोप नाही लागली तर परत दाखल करून घ्यावं लागेल. दवाखान्याचं नाव काढलं की ताईचे हात गार पडायचे. म्हणजे झोप नाही म्हणून दवाखाना, आणि दवाखान्याच्या भीतीने झोप नाही.

सगळे उपाय झाले. माझ्या बायकोने दुधात जायफळ उगाळून दिलं. शेजारच्या काकूंनी तळपायाला तेल चोळलं. मी मोबाईलवर लाटांचा आवाज लावून तिच्या उशाशी ठेवला. ताई म्हणाली, बंद कर ते, मागे खरा समुद्र ओरडतोय तोच पुरे झालाय.

असा शनिवार आला. मला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर भावजी स्वयंपाकघरातून कॅलेंडर काढून घेऊन आले. कानावर पेन्सिल. खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि मांडीवर कॅलेंडर पसरलं. दवाखान्यातल्या दिवसांच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या.

"बरेच राहिलेत," भावजी म्हणाले. "आज बसून मिटवून टाकतो."

मला खरंच राग आला. मी म्हणालो, "भावजी, तिला आराम हवाय."

"मग करू दे की. मी काय नाचतोय? मी माझं लिहितोय."

पण नुसतं लिहून भागेना. कुठला सिनेमा कसा होता ते आठवण्यासाठी त्यांना तो पहिल्यापासून मोठ्याने सांगावा लागत होता. भावजींसारखा वाईट गोष्ट सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. "त्यात एक माणूस हाय. होडी असते त्याची. म्हंजे त्याची नाय, सासऱ्याची. सासरा मेलेला असतो. मग सासरा त्याला म्हणतो..."

"मेलेला सासरा कसा म्हणेल?" ताई छताकडे बघतच म्हणाली.

"तो दुसरा सासरा."

"एका माणसाला दोन सासरे?"

"असतील. आपल्याला काय ठाऊक?"

ताईने मान वळवली. म्हणाली, तुम्ही सिनेमा बघितलात की नाही नक्की? त्यावर भावजींनी सांगितलं ते ऐकून मीही चमकलो. सिनेमे सगळे बघितले होते, पण आवाज बंद करून. आजारी माणसं झोपलेली, तिथे आवाज कसा लावायचा? तोंडं बघून जेवढी कळली तेवढी गोष्ट. बाकीची त्यांनी आपल्या पदरची घातली होती.

ताईला हसू आलं. हसताना छातीवरचे टाके दुखू नयेत म्हणून दवाखान्यातून एक उशी दिली होती. ती तिने छातीशी घट्ट धरली आणि हसली. घरी आल्यापासून त्या उशीचा उपयोग फक्त खोकताना झाला होता.

मग दुसरा सिनेमा. त्यात एक बाई होती, ती रडत होती. कशाला ते भावजींना कळलं नव्हतं, पण त्यांनी नणंदेवर संशय घेतला होता. ताईने नणंदेची बाजू घेतली. मग तिसरा, त्यात बर्फाचा डोंगर आणि एक इन्स्पेक्टर. त्या डोंगरावर भावजी चढले ते उतरेनात. प्रत्येक वळणावर कोण कुठे उभं होतं, कोणाचा कोट कसला होता, ते सांगत बसले. ताई "मग?" म्हणायची ती "हं" म्हणायला लागली. मग "हं"देखील थांबलं.

मला खोकला येत होता. मी तोंडावर रुमाल दाबला. भावजींनी माझ्याकडे बघितलं, पण आवाजाची पट्टी जराही बदलली नाही.

"मग तो इन्स्पेक्टर काय करतो," ते म्हणाले, "हळूच उठतो. चपला घालत नाय. फाटकाशी जातो. तिकडे गाडीतून पाहुणे यायचे असतात. त्यांना सांगतो, बाबांनो, हॉर्न वाजवू नका, घटकाभर समुद्रावर जाऊन बसा."

मी ऐकत राहिलो. गोष्टीत हे पाहुणे कुठून आले ते मला कळेना.

"हा इन्स्पेक्टर जरा मंद असतो," भावजी म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अनवाणी फाटकाशी गेलो. पाहुण्यांची गाडी वळणावरच दिसली. तिला हात करून थांबवली, त्यांना समुद्राची वाट दाखवली. पाय भाजत होते, पण मी धावलो नाही. वाळलेल्या झावळ्या पायाखाली वाजतात.

परत आलो तर पडवीतून भावजींचा आवाज येतच होता. मी पायरीशी थांबलो. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"...आणि तो माणूस तिथे बाकावर बसलेला असतो. समोर काचेचं दार. दाराच्या आत बायको. बायको त्याला दिसत नाय. हातात मोबाईल, त्याच्यात सिनेमा चालू. कसला सिनेमा, तेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. एक संपला की दुसरा लावतो. कारण काय, तर त्याला भीती असते. आपला डोळा लागला आणि तेवढ्यात आतून कोणी हाक मारली तर? ती शोधेल की नाय, हा कुठं गेला म्हणून? त्यासाठी डोळ्याला काहीतरी दाखवत बसायचं. लोक येतात, बघतात, आपापसात बोलतात. बोलू देत. त्याचं ध्यान दाराकडे. दार उघडलं की तो उठून उभा राहतो, बंद झालं की बसतो. उघडलं की उभा राहतो. त्या सिनेमात दुसरं काय नाय. सगळा सिनेमा एवढाच हाय..."

आवाज जरा फाटला आणि थांबला.

भावजी एकदम घाबरून पुढे वाकले. आवाज थांबला म्हणून ताई जागी होईल असं त्यांना वाटलं असावं. मीही श्वास धरून उभा राहिलो. ताईची उशी छातीवरून कडेला घसरली होती. तोंड किंचित उघडं होतं. आतून बारीक घोरण्याचा आवाज आला. मग आणखी एक, जरा मोठा.

आठवड्याने डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि परत दाखल करायची गरज नाही म्हणाले. सगळ्यांना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मला मात्र त्या पायरीशीच वाटलं होतं.

त्या दुपारी भावजींनी वळून मला बघितलं. मी सगळं ऐकलंय हे त्यांना कळलं. ओशाळून त्यांनी नाकाशी हात नेला. मी हलक्या आवाजात विचारलं, "मग पुढं काय होतं, भावजी?"

"पुढं काय," ते पुटपुटले. "ती घरी येते आणि घोरते."

एवढं बोलून ते पुन्हा तिच्याकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने बघितलं तर बसल्या बसल्याच त्यांची मान छातीवर आली होती. मी खांबाला टेकून पायरीवर बसलो. दोघं झोपली होती, आणि दोघांपैकी कोणी हाक मारलीच, तर जागं राहायला आता मी होतो.