सात बरण्या गाळ

गाळ गेल्याचं ज्या सकाळी उघडकीस आलं, त्या सकाळी दयानंद जुईलीपुढे मोठ्या ऐटीत बसला होता.

"चिंचवडच्या कंपनीत एकोणतीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी," तो म्हणाला. "एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही. तुझा गाळ काय घेऊन बसलीस? ठेवलाय तसा मिळेल."

जुईली थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन ऐकत होती. ती पुण्याच्या कॉलेजात पीएच.डी. करत होती आणि दयानंदची बायको शारदा तिथेच प्रयोगशाळा साहाय्यक होती. उरवड्याच्या ओढ्यापासून मुठा नदीपर्यंत सात ठिकाणच्या तळाचा गाळ तपासायचा, असं त्यांचं तीन वर्षांचं काम होतं. गाळ आणायचा शारदानं, कारण ती राहायला जवळ, कासार आंबोलीत. यंदा, म्हणजे दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत, तिनं तिसऱ्या वर्षाच्या सात बरण्या आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात लावल्या आणि पाचव्या दिवशी ती गेली. झोपेतच. त्याला आज बावीस दिवस झाले होते.

गाळात शिसं किती, क्रोमियम किती, हे यंत्र सांगतं. पण तेवढ्यानं काही कळत नाही, असं शारदा म्हणायची. धातू गाळाला घट्ट धरून बसला असेल तर कुणाचं काही बिघडत नाही, सुटा झाला की मारतो. म्हणून त्या गाळात बारीक लाल अळ्या सोडायच्या, दहा दिवस थांबायचं आणि जिवंत किती राहिल्या ते मोजायचं. मोजायचं काम शारदाचं. "आज विसातल्या अकराच निघाल्या," असं ती ताटावर बसून सांगायची आणि दयानंद म्हणायचा, "जेवताना अळ्या नकोत." आता तिनं सांगितलं असतं तर त्यानं हजार अळ्यांचं ऐकलं असतं, एकेकीचं.

त्यानं फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात नातेवाइकांनी आणून दिलेल्या आमट्या होत्या. चार प्रकारच्या. गाळ नव्हता. त्यानं आमट्या बाहेर काढून मागे पाहिलं, मग वरचा कप्पा पाहिला, मग काय सुचलं कोण जाणे, बर्फाचा ट्रे पाहिला. त्या गाळानं फ्रिजला वास येतो म्हणून तो तीन वर्षं कुरकुरला होता. आता कसलाच वास येत नव्हता, आणि हे आपल्या लक्षात आधी कसं आलं नाही, या विचारानं तो तसाच दार उघडं धरून उभा राहिला.

"काका," जुईली मागून म्हणाली, "ही चार नंबरची बरणी आहे."

ओट्यावरच्या फळीवर सातही बरण्या ओळीनं होत्या. घासलेल्या, लखलखीत, चिठ्ठ्या गरम पाण्यानं सोडवलेल्या, झाकणांवर कोरलेले आकडे तेवढे उरलेले. चार नंबरमध्ये मटकी होती.

कुंपणापलीकडून रत्नाबाईंना हाक गेली. शारदाच्या दिवसांचं सगळं स्वयंपाकघर त्यांनीच सांभाळलं होतं. त्या पदराला हात पुसत आल्या आणि लगेच कबूल झाल्या.

"व्हय, आमीच घेतला. तेराव्याला आचाऱ्यानं चूल पेटवली, आन् पातेल्यांच्या बुडाला लावायला चिखल कुटं हाय? हितं समदा मुरूम. पानी घालून बी लागंना."

चुलीवर मोठं पातेलं चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून चिखल फासतात, म्हणजे काजळी भांड्याला धरत नाही. हे दयानंदला माहीत होतं. आपल्या फ्रिजचा त्याच्याशी काही संबंध येईल, हे माहीत नव्हतं.

"दूध ठिवायला फ्रीज उघाडला," रत्नाबाई म्हणाल्या, "तर ह्या सात बरन्या. लोन्यावानी मऊ. माजं तर काळीजच हाललं. म्हनलं, बाई बगा कशी, सोताच्या तेराव्याचा चिखल बी करून ठिवला. आमी समद्या जनी लावत व्हतो आन् रडत व्हतो."

यावर रागवायचं कसं? शारदा तशीच होती. गावाला जाताना ती परत आल्या दिवसाची डाळसुद्धा निवडून ठेवायची.

"मावशी," जुईलीनं न राहवून सांगितलं, "तो गाळ विषारी आहे का, तेच तर आम्हाला बघायचं होतं."

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. घरी गेल्या. पाऊण तासात कुशाबा काठी टेकत दारात उभे राहिले. वय ऐंशीच्या पुढे, आणि तेराव्याला सगळ्यांत शेवटी उठले होते.

"दयानंदा, खरं काय ते सांग. मला किती दिस हायेत?"

"कुशाबा, गाळ भांड्याला बाहेरून लावला होता. तुम्ही बुंदी आतली खाल्ली."

"मी खरवड बी खाल्ली."

"खरवडही आतच असते."

"मग परवापास्नं पोट का गुडगुडतंय?"

"परवा काय खाल्लंत?"

"पावटा," कुशाबा म्हणाले. "लई न्हाई. दोन ताटल्या."

त्यांना वाटेला लावेपर्यंत दयानंदचा बेत ठरला होता. पातेली भाड्याची होती, पौडच्या बाबालालची. बुडाला लावलेला गाळ अजून बुडालाच असणार. जुईली "काका, अहो पण" म्हणाली तोवर त्याची स्कूटर रस्त्याला लागली होती.

बाबालाल दुकानात खुर्च्या मोजत होता.

"ती पातेली? आज सकाळीच मुठा गावाला धाडली, साहेब. जनार्दनच्या पोरीचं लगीन हाय."

"घासली होतीत का?"

"आतून चकाचक. बाहेरून कोन घासतंय? परत चुलीवरच चढायची ती."

दयानंदला त्याला मिठी मारावीशी वाटली. बाबालालला काय चाललंय ते कळलं नाही, पण बावीस दिवसांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं टेम्पो काढला.

मुठ्याला मांडवामागे तीन पातेली चुलीवर होती आणि दोन पालथी पडली होती. दयानंद त्यातल्या एकापुढे गुडघ्यांवर बसला आणि घरून आणलेल्या सुरीनं बूड खरवडू लागला. काळे पोपडे निघत होते. सोनार सोन्याचा कीस धरतो तसे तो ते प्लास्टिकच्या पिशवीत धरत होता. मुलीचा बाप जनार्दन फेटा सावरत आला.

"पाव्हनं कोन म्हनायचं?"

बाबालाल मदतीला धावला. तिथेच घात झाला. "गप ऱ्हावा, जनार्दनभाऊ," तो हळूच म्हणाला. "त्यांची मंडळी वारली. तिचं ऱ्हायलंय भांड्याला, तेवढं काढून घेत्यात."

आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. जनार्दनचा चेहरा फेट्याहून पांढरा पडला.

"म्हंजी... राख?"

"छे हो, राख कसली," दयानंद मान वर न करता म्हणाला. "गाळ आहे साधा. फार तर शिसं असेल, थोडं क्रोमियम. अजून तपासायचंय."

पाच मिनिटांत बातमी मांडवभर झाली. नवऱ्याकडची माणसं पानावरून उठून उभी राहिली. नवऱ्याच्या मामांनी जाहीर केलं की आम्ही वाटेत मिसळ खाऊ. जनार्दननं दयानंदचे दोन्ही हात धरले. तेव्हा कुठे दयानंदला कळलं की आपण काय करून बसलो.

"मला वाढा," तो म्हणाला. "पहिलं पान माझं."

तो मधोमध बसला. भात, आमटी, वांग्याची भाजी, जिलबी. पंगत उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो जेवला. आमटी चांगली होती. त्यानं दुसऱ्यांदा घेतली. एकेक जण बसायला लागला, वाढपी फिरायला लागले, आणि मध्येच त्याच्या ध्यानात आलं की आपण आज पोटभर जेवतोय, बावीस दिवसांत पहिल्यांदा. शारदाला वांग्याची भाजी अशीच लागायची, जरा तेल सुटलेली. त्याचा हात थांबला, घास तोंडाशी राहिला.

तसे मांडवातले दोनशे हात थांबले.

"काय हुतंय?" जनार्दननं विचारलं.

दयानंदनं तो घास गिळला. आयुष्यात त्याला एवढा जड घास गिळावा लागला नव्हता. मग तो मोठ्यानं म्हणाला, "जिलबी आणा," आणि नको असताना चार खाल्ल्या.

परत आला तेव्हा जुईली पायरीवर बसून होती. तिनं पिशवीत पाहिलं आणि एक पोपडा बोटांनी चुरला.

"काका, हे भाजलंय. शिवाय सातही ठिकाणचं एक झालंय. यात अळी मेली तर ती कशानं मेली, मला सांगता यायचं नाही."

"मग?"

"मार्च संपायच्या आत परत आणायला हवा, नाहीतर आधीच्या वर्षांशी मोसम जुळायचा नाही. त्याच जागांवरचा. पण मी कधी बरोबर गेले नव्हते."

दयानंदही गेला नव्हता. शारदा एकदा म्हणाली होती, चला की. त्या रविवारी मॅच होती.

शारदाची वही मात्र होती. त्यात एकेक जागा नीट लिहिलेली: "पुलाखाली. जांभळीपासून पाण्याकडे बारा पावलं." दुसऱ्या सकाळी दयानंदनं जांभळीला पाठ लावली, बारा पावलं टाकली आणि म्हशी डुंबायच्या डबक्यात मांडीपर्यंत उतरला.

"काका," जुईली काठावरून म्हणाली, "पावलं त्यांची आहेत, तुमची नाहीत."

तो तिथेच उभा राहिला. शारदाचं पाऊल केवढं होतं? तीस वर्षं दोघं बरोबर चालली, पण तो पुढे आणि ती मागून "अहो, हळू" म्हणत. मागे वळून तिचं पाऊल त्यानं पाहिलंच नव्हतं. मग आठवलं. ओट्यापासून दारापर्यंत ती चार पावलांत यायची. बेल वाजली की चार वेळा चप्पल वाजायची आणि दार उघडायचं. बाहेर उभं राहून त्यानं ते हजारदा ऐकलं होतं. घरी जाऊन त्यानं टेपनं ते अंतर मोजलं. सहा फूट. म्हणजे पाऊल दीड फुटाचं.

पुढचे दोन रविवार उरवड्याच्या ओढ्याकाठी लोकांनी एक उंच म्हातारा गृहस्थ पाहिला. हातात दीड फुटाची काठी, ती जमिनीवर टेकवून तो जपून छोटी छोटी पावलं टाकायचा, आणि मागून एक मुलगी बरण्या घेऊन यायची. पोरं हसली. एका बाईनं जुईलीला विचारलं, डॉक्टरनं सांगितलंय का असं चालायला? दयानंदला त्याचं काही वाटलं नाही. घाईच नव्हती. वहीतली पावलं संपली की तो क्षणभर थांबायचा, आणि मगच पाण्यात हात घालायचा.

सहा बरण्या भरल्या. त्यांतल्या गाळात अळ्या सोडून झाल्या आहेत. पण सातवी जागा मुठ्याची, वरच्या स्वच्छ पाण्याची. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या सहांना अर्थ नाही, असं जुईली म्हणते. त्या पानावर शारदानं एवढंच लिहिलंय: "मुठा. नेहमीची जागा."

दयानंद मुठ्याला जाऊन आला. जनार्दन त्याला नदीवर घेऊन गेला, घरी चहा पाजला, दहा जणांना विचारलं. "यायच्या त्या बाई," तो म्हणाला. "काम झालं की पान्यात पाय सोडून बसायच्या, भाकरी खायच्या. पन नेमकं कुटं, ते कुनी ध्यान दिऊन बघितलं न्हाई."

मार्चचे अकरा दिवस उरले आहेत. सातव्या जागेचा गाळ आणायचा राहिला आहे.