जोड्यातला ओलावा

भीमराज ग्रेडर सकाळचा चहा घ्यायला बसले की समोरच्या कपाटाच्या दारावरचा निबंध त्यांच्या नजरेला पडायचाच. नात पायल दुसरीत असताना तिने तो लिहिला होता. मुलगा संघदीप याने तो नागपूरहून कौतुकाने धाडला आणि मथुराबाईंनी भाताच्या शितांनी असा पक्का चिकटवला, की आता काढायचा तर कपाटच काढावे लागले असते. 'माझे आजोबा कापूस बघतात,' असे त्यात लिहिले होते. 'आम्ही फिरायला गेलो की आजोबा बाकावर बसतात आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात. त्यांच्याकडून अजून एकही पिशवी हरवली नाही.' खाली बाईंनी लाल शाईने 'छान' असा शेरा मारला होता.

भीमराजांना तो 'छान' फार लागायचा, कारण निबंधातला शब्दन् शब्द खरा होता. पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी सत्तावीस वर्षे कापसाची प्रत ठरवत खुर्चीत बसून काढली होती. गाडी त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. ते बसल्या जागेवरून हात लांबवायचे, चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी बघायचे, मग मूठभर दाबून बघायचे आणि म्हणायचे, "ओलावा आहे. कटती लागेल." कटती म्हणजे भावातली कपात. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे भलेभले या दोन वाक्यांपुढे गार पडत. तालुक्यातला सगळा कापूस चालत यांच्याकडे येत असल्यामुळे यांना कुठे चालत जायची वेळच आली नव्हती. त्यातून ते फिरायला गेले आणि बाकावर बसले, की "एकटे कायले बसता," म्हणत मथुराबाईही शेजारी टेकायच्या. नागपूरचे एवढे मोठे प्रदर्शन त्या माउलीने फाटकाजवळूनच पाहिले होते. हे भीमराज कोणाजवळ बोलले नव्हते, पण त्यांना ते निबंधाहून जास्त टोचायचे.

अशात दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी संघदीपचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडी करून हैदराबादला जायचे, तिथे मोठे थीम पार्क झाले आहे, दोन दिवस फिरायचे, जाताना तुम्हाला पांढरकवड्याहून घेऊ, असा बेत होता.

"तिथं बसाले बाकं असतीन ना रे?" मथुराबाईंनी मागून विचारले. त्यांच्या मनात काळजीच होती, पण भीमराजांचे कान तापले.

"बाक-बीक काही नाई लागत," ते फोनमध्ये म्हणाले. "मी पुरा चालणार हाओ. दोन्ही दिवस."

"बाबा, दिवसाले दहा-बारा किलोमीटर होते तिथं," संघदीप म्हणाला. "मग आतापासून तयारी करा. रोज सकाळी चाला. मी जोडे पाठवतो, पण ते नवेकोरे घालून येऊ नका. महिनाभर वापरून मऊ करा, नाहीतर चावतीन. अन् पायाची निगा ठेवा."

पायाची निगा मथुराबाईंनी ताबडतोब हाती घेतली. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून त्या नवऱ्याचे पाय त्यात बुडवायला लावत आणि मग तिळाचे तेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासत. वाटी काळी पडली की "पाहा किती उष्णता निंगून राह्यली," असे समाधानाने म्हणत. चार दिवसांत भीमराजांचे तळवे लहान लेकरासारखे झाले. आता एवढ्या गुळगुळीत पायांनी चालायचे तेवढे राहिले होते.

संघदीपने पाठवलेले पांढरे जोडे घालून ते पहिल्या दिवशी हायवेच्या दिशेने निघाले. पहिल्याच पानठेल्यावर त्यांना अडवले गेले.

"काहून साहेब, पायी? सायकल पंक्चर झाली काय?"

"नाई. फिरून राह्यलो."

"कायले?"

याचे उत्तर सोपे नव्हते. हैदराबादला जाऊन चालायचे आहे म्हणून इथे चालून बघतोय, हे ऐकून पानठेलेवाल्याने त्यांना आधी बसवले आणि चहा मागवला. पुढच्या वळणावर पुन्हा हाच प्रश्न, पुन्हा चहा. तिसऱ्या दिवशी एक बैलगाडी शेजारी येऊन थांबली. गाडीवाल्याची मागच्या हंगामात भीमराजांनी सणसणीत कटती केली होती, तरी तो खाली उतरून हात जोडून म्हणाला, "बसा साहेब. तुमी पायी चालता अन् आमी गाडीत, बरं दिसते काय?" नाही नाही म्हणता त्याने त्यांना वर चढवलेच. परत येताना एका मोटारसायकलवाल्याने सोडले. संघदीपला फोनवर "आज पाच किलोमीटर झाले," असे सांगताना भीमराजांनी वाहनाचा उल्लेख केला नाही.

पण खरी भानगड पुढेच होती. त्या वर्षांत कापसाचे काही खरे राहिले नव्हते. एकदा अळी, एकदा पाऊस, आणि सगळे नीट झाले तर भाव नाही. त्यातून यंदा केंद्राचे कुलूप अजून निघाले नव्हते, आणि ते कधी निघणार हे भीमराजांनाही कोणी कळवले नव्हते. अशा दिवसांत ग्रेडर सकाळी सकाळी शेतांच्या बाजूने पायी फिरतो, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. आठवड्याभरात बातमी पसरली की केंद्र उघडून राह्यलं, साहेब गुपचूप पाहणी करून राह्यले. लोक कापडात बांधून कापसाचे नमुने घरी आणून देऊ लागले. ओसरीवर गाठोड्यांचा ढीग साचला. एका सकाळी तर भरलेल्या दोन गाड्या केंद्राच्या बंद फाटकापुढे येऊन उभ्या राहिल्या.

भीमराजांनी जाऊन त्यांना खरे काय ते सांगितले. गाडीवाल्यांनी बैल वळवले. त्या दिवशी भीमराजांना जेवण गेले नाही. "माह्या पायानं लोकाइले आशा लागून राह्यली," ते मथुराबाईंना म्हणाले. "आता घराबाहेर चालणं बंद."

"मग हैदराबादले काय कराल?"

हाच प्रश्न होता. पाय घरात बसून कसेबसे तयार होतील, पण जोडे तर मऊ व्हायला हवेत. भीमराज विचार करत बसले असताना दारात प्रेमसिंग पोस्टमन आला, आणि त्याच्या पायांकडे बघताच त्यांना युक्ती सुचली. प्रेमसिंग रोज तांड्यांवर आणि जंगलातल्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, टपाल वाटत हिंडायचा. सायकल त्या वाटांवर चालत नसल्याने तो पायीच जायचा, आणि त्याला असे चालताना बघून कोणी चहाही पाजत नव्हते.

"प्रेमसिंग, जोड्याचा नंबर किती तुहा?"

"नऊ, साहेब."

"माहाही नऊच. हे जोडे एकवीस दिवस तू घाल. नवा गोऱ्हा कसा माणूस आधी रिकाम्या औताले जुपते, तसं. मऊ झाले की वापस दे."

प्रेमसिंगने जोडे हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. इतके पांढरे काही त्याने पायात घातले नव्हते. "घालतो ना साहेब," तो म्हणाला. "सरकारी काम समजून घालतो."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो जोडे घेऊन आला. ते आता पांढरे नव्हते, पण मऊ मात्र खरोखरच झाले होते. भीमराजांनी खुशीत पाय घातला आणि तो आत इकडून तिकडे फिरला. सत्तावीस वर्षे धाग्याची लांबी बघायची सवय, तीच इथे नडली होती. त्यांनी नंबर विचारला होता, रुंदी बघायची राहिली होती. प्रेमसिंगचा पंजा पाटासारखा पसरट होता आणि जोड्याने तो मुकाट्याने मान्य केला होता. शिवाय दोन्ही जोड्यांना करंगळीपाशी एकेक नीटस चौकोनी भोक होते.

"हे काय रे?"

"खिडकी केली साहेब. करंगळी दबून राह्यली होती. तुमालेही हवा लागन."

बिचारा इतक्या आपुलकीने सांगत होता की भीमराजांना रागावता येईना. बाजार बंद व्हायला आला होता, आणि नवे जोडे घेतले तर ते चावणार. त्यांची नजर ओसरीवरच्या गाठोड्यांवर गेली. त्यांनी एकेक सोडून कापूस ओढून पाहिला, त्यातला सगळ्यांत लांब धाग्याचा, कोरडा ठणठणीत कापूस निवडला, सरकी काढली आणि दोन्ही जोड्यांत चहूबाजूंनी ठासून भरला. चालून पाहिले तर गादीवर चालल्यासारखे वाटले.

"यंदा एवढ्याच कापसाचं सोनं झालं," ते म्हणाले. मथुराबाई पिशवी भरत होत्या.

थीम पार्कमध्ये पहिले दोन तास भीमराज सगळ्यांच्या पुढे होते. डायनासोर बघितले, आरशांचा महाल बघितला, रांगेत अर्धा तास उभे राहिले, तरी पायांची तक्रार नव्हती. वाटेत दोन बाकं लागली, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिले नाही. पायल त्यांचे बोट धरून चालत होती आणि सून ममता मागून म्हणत होती, "बाबा, जरा हळू. आमाले पोहोचू द्या." हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडल्यामुळे त्यांनी वेग आणखी वाढवला.

मग पाण्यातली नाव लागली. नाव उंचावरून धाडकन पाण्यात उतरली, आणि सगळे पाणी आत येऊन पायांशी जमले.

नावेतून उतरून भीमराजांनी पहिले पाऊल टाकले तेव्हा फचाक असा आवाज झाला. दुसरे पाऊल उचलायलाच वेळ लागला. अव्वल दर्जाचा कापूस पाणीही अव्वल पितो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार. एका पायाला किलोभर वजन तरी वाढले असेल, असा त्यांनी अंदाज बांधला. कसेबसे ते जवळच्या बाकापर्यंत आले आणि बसले.

ते बसले मात्र, सगळ्यांचे हात आपोआप चालू लागले. ममताने पाण्याची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली, संघदीपने कॅमेऱ्याची बॅग मांडीवर ठेवली. "बाबा, तुम्ही आराम करा आता. लय चालले." मथुराबाई पदर सावरून शेजारी टेकायच्या बेतात होत्या. पायलने पिशव्यांकडे पाहिले आणि मग आजोबांकडे पाहिले. भीमराजांना वाटले, संपले. महिनाभराची सगळी खटपट पाण्यात गेली.

"आजोबा," पायल एकदम म्हणाली, "तुमच्या जोड्याले कापूस लागला."

खरेच, प्रेमसिंगच्या खिडकीतून ओला कापूस फुगून बाहेर आला होता, बोंड फुटल्यासारखा. भीमराजांनी तो चिमटीत धरून ओढला. तो येतच राहिला. एक जोडा रिकामा झाला, दुसऱ्याला हात घातला. आजूबाजूची पोरे जमली, एकाने टाळ्या वाजवल्या. बाकावर पांढरा ढीग झाला. मथुराबाईंनी त्यातला मूठभर उचलला, तळहातात दाबला, पाणी गळू दिले आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओलावा आहे. कटती लागन."

सत्तावीस वर्षांत ज्या ज्या गाडीवाल्यांना त्यांनी हे ऐकवले होते, ते सगळे भीमराजांच्या डोळ्यांपुढून गेले. आणि मग त्यांना हसू आले. हसता हसता डोळ्यांत पाणीही आले.

"चपला असत्या त अजून चाललो असतो," ते म्हणाले.

"त्या पिशवीत तळाशी हायेत, तुमच्या जुन्या," मथुराबाई म्हणाल्या. "मले ठाऊक होतं."

भीमराजांनी मांडीवरची बॅग उतरवली, चपला काढून पायात अडकवल्या आणि उठून उभे राहिले. त्याच वेळी शेजारी संघदीप धपकन बसला. त्याने तोंड कसनुसे करून जोडा काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता.

"जोडे नवे हायेत काय रे?" भीमराजांनी विचारले.

"कालच घेतले," संघदीप खाली मान घालून म्हणाला. "तयारीले वेळच नाई भेटला, बाबा."

"मग तू आराम कर." भीमराजांनी कॅमेऱ्याची बॅग अलगद मुलाच्या मांडीवर ठेवली, ओले जोडे त्याच्या शेजारी वाळत घातले आणि बायकोला म्हणाले, "चल. तो मोठा पाळणा पाहू."

"मी नाई बसत बाप्पा त्याच्यात," मथुराबाई म्हणाल्या, आणि बसल्या.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी प्रेमसिंग टपाल घेऊन आला. त्याच्या पायात तेच जोडे होते. धुऊन वाळवून भीमराजांनी ते त्यालाच देऊन टाकले होते, आणि ते त्याला असे बसले होते जसे त्याच्यासाठीच शिवले. पाकिटातून पायलचा नवा निबंध निघाला. मथुराबाई दारातच मोठ्याने वाचू लागल्या.

"'आम्ही थीम पार्कला गेलो. बाबांनी बाकावर बसून पिशव्या सांभाळल्या. आजी आणि मी मोठ्या पाळण्यात तीन वेळा बसलो. आजोबा दोन्ही दिवस आमच्याबरोबर चालले. या वर्षी शेतात कापूस कमी आला, पण माझ्या आजोबांच्या जोड्याला खूप आला. मी स्वतः पाहिला.'" खाली लाल शाईत शेरा होता, 'कल्पना छान.'

मथुराबाई शिते आणायला आत गेल्या. जुन्या निबंधावर नवा नेमका बसत होता.

प्रेमसिंग मात्र जागचा हलला नाही. तो खाली वाकून करंगळीपाशी केलेली खिडकी निरखत होता.

"साहेब, मी त रोज घालून राह्यलो हे जोडे," तो म्हणाला. "मले त एक बोंड दिसलं नाई."

भीमराजांनी चहाचा घोट घेतला.

"ओलावा लागते, प्रेमसिंग," ते म्हणाले.