न्हाणीघरातले सहा आकडे

शनिवारी दुपारी तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी खेकड्यांच्या मेजवानीसह खोल्यांच्या बुकिंगची साइट बंद पडली. मोसमातलं पहिलं बुकिंग चारला उघडणार होतं. साइट उठली नाही, तर सोमवारी मिठाईचे चौदा डबे घेऊन किनाऱ्यावरच्या चौदा अतिथिगृहांच्या दारांत माफीसाठी कंबरेतून वाकायची पाळी साइट सांभाळणाऱ्या चिझुरूवर येणार होती. गेल्या वर्षी सहाच दारं होती, तरी तिची पाठ आठवडाभर धरली होती.

दुरुस्तीला तात्पुरती किल्ली हवी. काळ्या पडद्यावर कमांड लिहून तयार होती. शेवटी सहा आकडे घातले की सर्व्हरचं दार पंधरा मिनिटं उघडणार. ते आकडे दर तीस सेकंदांनी बदलत आणि एका छोट्या टोकनवरच दिसत. टोकन विभागप्रमुख कुरोकावांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. आणि कुरोकावा दर शनिवारी तीन ते पाच सार्वजनिक न्हाणीघरात, मोबाइल घरी.

तिने न्हाणीघराच्या गल्ल्यावर फोन लावला.

"साहेब पाण्यात आहेत," तोकिए आजी म्हणाल्या.

"बाहेर काढा, आजी! चारला खेकड्यांचं बुकिंग आहे आणि साइट बंद आहे!"

"खेकड्यांचं? आजच?" आजींनी ही बातमी आधी पुरुषांच्या बाजूला आणि मग भिंतीवरून बायकांच्या बाजूलाही ओरडून दिली.

कुरोकावा पंचा गुंडाळून आले. "आकडे फोनवर सांगायचे नाहीत. नियम आहे."

"तुम्हीच केलाय तो!"

"म्हणूनच मोडता येत नाही."

"चौदा डबे, साहेब."

गेल्या वर्षी तेही तिच्या शेजारीच वाकले होते. "घे लिहून. चार, एक, आठ... का तीन?"

"तीन आहे हो!" कुणीतरी ओरडलं.

"डोंबल! आठ आहे. चष्म्यावरची वाफ पुसा आधी!"

आकडे बदलले. दुसऱ्यांदा आजींनी टोकन हातात घेतलं. चौथ्या आकड्यावर एक गिऱ्हाईक आलं. आजींनी त्याचं स्वागत केलं, सुनेची तब्येत विचारली. आकडे बदलले. तिसऱ्यांदा अख्ख्या न्हाणीघराने एका सुरात सहा आकडे म्हटले आणि तीन सत्तेचाळीसला किल्ली मिळाली. टाळ्यासुद्धा पडल्या.

चिझुरूने मान वर न करता काम केलं. चार वाजून दोन मिनिटांनी शेवटची कमांड दिली. उत्तर आलं: किल्लीची मुदत संपली आहे.

न्हाणीघराचा फोन एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

चार वाजून नऊ मिनिटांनी एका अतिथिगृहाच्या मालकीणबाईंचा फोन आला. चिझुरू खुर्चीतच वाकली. "अक्षम्य चूक झाली, साइट अजून..."

"अहो, राहू द्या ती बंद! आमच्या नऊच्या नऊ खोल्या फोनवरच गेल्या. सगळ्या एकाच नंबरवरून! मागून नुसता पाण्याचा आवाज."

चिझुरू ताठ बसली. "पहिली खोली कुणाच्या नावावर आहे?"

"कुरोकावा. दोन माणसं, दोन खेकडे."

उरलेल्या तेरा अतिथिगृहांकडून काही कळलं नव्हतं. साडेचारला न्हाणीघराचा फोन एंगेजच होता.