बिरूतात्याचा इसनखी यमाजी

गावात कुनी पावना आला, की लोक इचारत्यात, "कवा आलासा? बरं हाय न्हवं?" आमचा बिरूतात्या इचारायचा, "तुमच्या कुत्र्याला नखं किती?"

पावना गांगरायचा. आपल्याला पोरं किती, ढोरं किती, ते त्येला ठावं असायचं. कुत्र्याची नखं कोन मोजतंय?

तात्या मोजायचा. म्हसवडच्या खाली दोन कोसावर आमचं गाव, आन् माज्या दारासमोरच त्येचं खोपाट. धनगर मानूस. बायकू लवकर गेल्याली, पोरबाळ न्हाई. मेंढरं आन् कुत्रं, एवढाच परपंच. "सादं कुत्रं अठरा नखांचं," तात्या सांगायचा. "मागल्या पायांना वर एकेक जादा असलं, की इस नखं, म्हंजे इसनखी. ते कुत्रं न्हवं, वाघाचं रगत हाय. मानसाचं नरडं धरलं की सोडत न्हाई."

बाकीच्या कुत्र्यांचीबी त्येनं उतरंड लावल्याली. गावठी म्हंजे नुसतं भुकनारं. लांब तोंडाचं कारवानी म्हंजे पळनारं. "पर कुनाच्या मागं पळतंय आन् कुनाच्या म्होरं, ते बगाय लागतंय."

एकदा घोंगडी इकाय पाचगणीला गेल्ता. तितं एका मडमेजवळ चपट्या नाकाचं, खालचं दात भाईर आल्यालं कुत्रं. बाजारातली मानसं म्हनली, ह्ये लय वंगाळ जातीचं, लांब ऱ्हावा. तात्यानं मडमेला राम राम घातला आन् सरळ कुत्र्याची तंगडी उचलली. मडम किंचाळली. कुत्र्यानं मांडी धरली. तात्या लंगडत गावात आला आन् महिनाभर सांगत होता, "चावलं, व्हय. पर सतरापतूर मोजली गड्या. अठरावं तेवढं ऱ्हायलं, त्येची लय हुरहुर लागलीया."

त्येचं सवताचं कुत्रं यमाजी. काळंभोर, वासराएवढं. इसनखी. तात्या रोज सकाळी पारावर बातमी द्यायचा, "आज यमाजीच्या डोळ्यात रगत उतारलंय. आमच्या बाजूनं जाऊ नगा." लोक अर्धा गाव वळसा घालून जायची.

तवा आमचं मालक लढाईवर. पल्टनीत गेलं तवा पोरगी माज्या पोटात. सासू त्याच साली वारली. पाऊस न्हाई, बाजरी न्हाई. लोकाच्या रानात खुरपायला जायचं, मिळंल ती भाकर खायची, न्हाई मिळाली तर पानी पिऊन निजायचं. रडून काय बाजरी पिकत न्हाई. पर एकट्या बाईच्या दाराला वाटा लय फुटत्यात. पाटलाचा मेव्हना गुलाबी फेटा बांधून सारखा यायचा. "पत्र आलं का गं मालकाचं?" जसं काय टपाल हाच वाटत होता.

एक दिस म्या आडावरनं पानी घेऊन आले, तर रांगती पोरगी घरात न्हाई. बगते तर यमाजीच्या पोटावर निजल्याली, त्येचा कान तिच्या तोंडात. घागर तितंच टाकली. पोरीला ओढून घेतली, तर तिच्या मुठीत नख! यमाजीच्या मागल्या पायाचं. नीट बगितलं तर बकऱ्याच्या शिंगाचा तुकडा, बाभळीच्या डिंकानं चिकाटल्याला.

"तात्या, ह्ये काय वो?"

तात्या चोरावानी हिकडंतिकडं बगाय लागला. "हळू बोल पोरी. त्यो कोंबडीलाबी भितोय. बोलू नगंस कुठं."

"आन् डिंक पावसात इरघळला म्हंजे?"

"हितं पाऊस कुठं पडतोय?" तात्या म्हनला. मग नख घेऊन धोतराला पुसत बसला. "तुजा मालक तिकडं लांब. तुज्या दारासमोर म्या म्हातारा. मला कोन भितंय, सांग की? म्हनलं, कुत्र्याला तरी भितील."

म्याच चुलीवर डिंक पातळ करून दिला.

पुढं एका दुपारी मेव्हना माज्या दाराच्या काटेरी कुपाटीच्या आत शिरला. यमाजीनं नुसती जांभई दिली. तेवढ्यानं गडी असा उलटा पळाला, की काट्यांत धोतार फाटून निम्मं तितंच ऱ्हायलं. झालं. दुसऱ्या दिशी तात्याला चावडीवर बोलावनं. इसनखी कुत्रं मानसावर धावलं, म्हनं. पाटील म्हनलं, "बिरू, तूच सांगतोस ह्ये नरडं धरतंय. असलं जनावर गावात नगं. आजच मारून टाका."

कोतवाल काठी घेऊन हुभा. यमाजी त्येचाच पाय चाटाय लागला.

तात्या 'अठराच हायती' म्हनला असता, तर कुत्रं वाचलं असतं. पर मग माजं दार उगडं पडलं असतं. तात्यानं यमाजीच्या मानंवर हात फिरवला.

"मारा," म्हनला. "पर इसनखीच हाय."

म्या भाईर बायकांत हुभी होते. तशीच पदर खोचून आत गेले. "पाटील, मारायच्या आदी मोजा की."

मोजतंय कोन? समदी मागं सरली. मग म्याच यमाजीचा पाय धरला. एक, दोन करत सतरा, अठरा झाली. ऱ्हायल्याली दोन हिसका देऊन काडली आन् पाटलाच्या म्होरं ठिवली.

चावडी अशी हासली, की कोतवालाच्या हातातली काठी पडली.

पाटील म्हनलं, "मग धोतार कुनी फाडलं?"

"माज्या कुपाटीनं. ह्यो गडी कुपाटीच्या आत कशाला आल्ता, ते इचारा. पुन्यांदा आला तर कुपाटी न्हाई फाडायची. घरात इळा हाय."

आठ दिसांत मेव्हना आपल्या गावाला गेला. तात्याची मातर पुरी अब्रू गेली. पोरंटोरं इचारायची, "तात्या, डिंक हाय का डिंक?" चार दिस माज्याशी बोलला न्हाई. पाचव्या दिशी म्हनला, "तुज्यापरीस त्ये मडमेचं कुत्रं बरं. त्येनं मांडीच धरली." आन् भाकरीचा घास मोडून यमाजीला दिला.

दिवाळी सरली, की आमच्याकडची धनगरं मेंढरं घेऊन खाली कुंडलकडं, किस्नाकाठाला उतरत्यात. तितं हिरवं मिळतंय. आमचं मालक पल्टनीत गेल्यापास्नं तात्या तीन वर्सं गेला न्हाई. "गुडघं धरल्यात," म्हनायचा. वाळका पाला खाऊन त्येची मेंढरं निम्मी झाली. मलाबी वाटायचं, म्हाताऱ्याचं गुडघं गेलं.

लढाई सपली आन् एक दिस मालक आलं. तात्यानं त्येंला खालीवर बगितलं. "आलास? बरं झालं," म्हनला. च्याबी पिला न्हाई.

दुसऱ्या दिशी उजाडताच मेंढरं सुटली. यमाजी म्होरं, तात्या मागं. म्या दारात हुभी ऱ्हाऊन बगत होते. खांद्यावर घोंगडं टाकून म्हातारा तरन्या पोरावानी ढांगा टाकत म्होरलं टेकाड चढून गेला.