तोंड मिटून धावणारे गावित सर

गावित सर रोज सकाळी जामसरच्या रस्त्याने पाच किलोमीटर धावत आणि तेवढा वेळ त्यांचं तोंड शिवल्यासारखं मिटलेलं असे. समोरून कलेक्टर आला असता तरी त्यांनी नुसती मान हलवली असती.

जव्हारच्या पोस्टात माझी बदली झाली ते सत्त्याण्णव साल. खोली मिळाली ती सरांच्या शेजारची, मध्ये एकच भिंत. सर आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक. पन्नाशीला टेकलेले, एकटे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर धावायला गेलो आणि चढावर आ वासून धापा टाकू लागलो. सर थांबले. दोन बोटांनी माझी हनुवटी वर ढकलून त्यांनी माझं तोंड बंद केलं आणि पुन्हा पळू लागले. खुलासा घरी पोचल्यावर झाला.

"तोंड उघडं ठेवून पळालं का थुंकी सुकते, भाऊसाहेब. थुंकी सुकली का दाताला राखण नाय. पाय कमवायचे नि हिरडी घालवायची, हा कुठला व्यायाम?"

नाकाने घेतलेला श्वास पुरेना झाला तर वेग कमी करायचा, हा त्यांचा नियम. धावून आल्यावर आधी पाण्याची चूळ. मग करंजाची काडी चावून तिचा कुंचला. मग अंगणातल्या आरशासमोर उभं राहून बोटाने हिरड्या चोळणं. हे सगळं होईपर्यंत माझा दुसरा चहा झालेला असे.

माणसाची प्रकृती सर हिरडीवरून ठरवत. शाळेत शर्यतीनंतर पोरांना साखरेचं सरबत वाटायची पद्धत त्यांनी बंद केली आणि साध्या पाण्याचे हंडे भरून ठेवले. पोरं काही दिवस रुसली. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला सरांनी अदबीने विचारलं, "साहेब, जरा ओठ वर करता?" साहेबांनी चक्क केला. हिरडी सुजलीय, रोज चालत जा, असं सांगून सर आपल्या वर्गावर निघून गेले. मुख्याध्यापक त्यांच्याशी बोलेनासे झाले. पंधरवड्याने त्या साहेबांचा ड्रायव्हर करंजाच्या काड्या न्यायला आला, तेव्हा बोलू लागले.

पुढच्या वर्षी मोखाड्याला शिक्षकांचे खेळ होते. रविवार होता म्हणून मीही गेलो. पाहुण्यांची नावं छापलेली पत्रिका आली, त्या आठवड्यात सरांचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांनी नवा बनियन आणला, चहा सोडला, आणि दातांवर डाग दिसतो का, हे मला तीनदा विचारलं. पंचेचाळिशीपुढच्यांच्या शर्यतीत ते पहिले आले. त्याचं मला नवल वाटलं नाही.

बक्षिसं द्यायला मूळच्या पोशेरा गावच्या एक शिक्षिका होत्या. पांढरे केस, सुती साडी. त्यांनी सरांच्या हातात स्टीलचा डबा ठेवला, "छान पळालात," म्हणाल्या आणि दुसऱ्या नंबराचा डबा उचलला. सर मात्र तिथेच उभे राहिले. दुसऱ्या नंबराचं नाव दोनदा पुकारावं लागलं.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत होते. पाहता पाहता बोलू लागले. तरुणपणी पोशेऱ्याला एक मुलगी पाहायला ते गेले होते. तेव्हा जव्हार-मोखाड्यात त्यांच्याइतकं पळणारं कुणी नव्हतं. पण लहानपणापासून तंबाखूच्या मिश्रीची सवय, दात काळे, हिरड्यांतून रक्त यायचं. बोलणी चालू असताना मुलगी ओट्यावर आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "एवढं पळता, मग तोंडाकडे का बघत नाय? मिश्री सोडा, नि मग या."

मिश्री सुटायला वर्ष लागलं. ते पोशेऱ्याला गेले तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं.

"मध्ये निरोप तरी पाठवायचा," मी म्हणालो.

"म्हटलं, हिरडी भरून येऊ दे. आपणच जाऊन दाखवू."

मग त्या बक्षीस देणाऱ्या बाई त्याच का, हे मला विचारावं लागलं नाही. मी एवढंच विचारलं, की आज त्यांनी ओळखलं नाही का.

"ओळखील कशी, भाऊसाहेब?" सर म्हणाले. "तिनं पाहिलेल्या माणसाचे दात काळे होते."

हे ते मोठ्या समाधानाने म्हणाले. ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. जव्हारचा स्टँड आला, माणसं उतरू लागली, तरी ते मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसूनच होते.