डोनेगनसाहेब मयतीला जातात

आमचे शेजारी डोनेगनसाहेब सकाळी वर्तमानपत्र उघडतात ते थेट निधनवार्तांच्या पानावर. वारलेला माणूस ओळखीचा असण्याची अट नाही. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्ग गावाच्या हद्दीत वारला की पुरे. गाडीच्या कप्प्यात काळा टाय कायम तयार. फ्युनरलला हजर राहायचं, घरच्यांचा हात दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचं, "सॉरी फॉर युअर ट्रबल." आयर्लंडमध्ये म्हणे सांत्वन असंच करतात.

साहेब मूळचे तिकडचेच. तरुणपणी शिकागोला आले, बांधकामावर विटा वाहिल्या, संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकले आणि घटस्फोटाचे वकील झाले. नवरा-बायकोंची भांडणं ऐकून कंटाळले तेव्हा राजकारणात शिरले. "आता निदान दोघं मिळून माझ्यावर ओरडतात," असं ते खुशीत सांगतात.

गावच्या बोर्डावर ते दोनदा निवडून आले. त्यांचं मत काय, हे मात्र अजून कुणाला कळलेलं नाही. कुत्र्यांसाठी वेगळी बाग करायची का, यावर एकदा मोठी सभा झाली. साहेब पंचवीस मिनिटं बोलले. ते कुत्र्यांच्या बाजूचे होते आणि गवताच्याही. दोन्ही गटांनी टाळ्या वाजवल्या. बाग अजून व्हायचीय.

आमच्या मराठी मंडळात ते फार लोकप्रिय. गणपतीत अध्यक्षांचं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा हा एकमेव माणूस. मराठी येत नाही म्हणून जमत असावं.

माझी-त्यांची ओळख आमच्या वास्तुशांतीला झाली. घरापुढे गाड्यांची रांग, दारात चपलांचा ढीग, आत धूर, मंत्र, धोतर नेसलेला मी आणि धुराने डोळे पुसणारी माझी बायको अपर्णा. साहेबांनी व्हायचा तो समज करून घेतला. काळा टाय लावून आत आले आणि माझा हात धरला. "सॉरी फॉर युअर ट्रबल."

"अरे, सांग ना त्यांना, कुणी गेलं नाहीये!" अपर्णा कुजबुजली.

मी सांगितलं. साहेब जराही ओशाळले नाहीत. टाय खिशात घातला, शिरा दोनदा मागून घेतला आणि विचारलं, "घरात मतदार किती?"

"शून्य. आम्ही वर्क व्हिसावर आहोत."

"आज नसाल," म्हणत त्यांनी प्रचाराचं पत्रक हातात कोंबलंच. हा माणूस मयतीत मतं वेचतो, असं मी पक्कं ठरवून टाकलं. पार्ट्यांमध्ये त्यांची नक्कलही करायचो.

गेल्या एप्रिलमध्ये नागपूरला माझी आई गेली. व्हिसाचे कागद अडकलेले. गेलो असतो तर परत येता येईल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. नोकरी, घर, मुलीची शाळा सगळं इथे. मी गेलो नाही. हे लिहितानाही लाज वाटते. भाऊ व्हिडिओ कॉलवर अंत्यविधी दाखवणार होता, आमच्या सकाळी सातला.

सातला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात डोनेगनसाहेब. काळा टाय, हातात सँडविचचा ट्रे. अपर्णाने त्यांना आदल्या दिवशी आईबद्दल सांगितलं होतं. अंत्यविधीच्याच दिवशी गावात मतदान होतं आणि या खेपेला साहेबांची जागा जाणार, असं सगळे बोलत होते. माझं डोकंच फिरलं.

"मिस्टर डोनेगन, या घरात आजही एक मत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले, ट्रे अपर्णाकडे दिला आणि सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

फोनवर घाट दिसायला लागला. खांद्यावर मडकं घेऊन भाऊ आईभोवती फिरत होता. साहेबांनी फोन स्वतःच्या हातात घेऊन माझ्यासमोर धरला.

"माझी आई गेली तेव्हा माझ्याकडे इथे राहायचे कागदच नव्हते," ते हळूच म्हणाले. "बहिणीने चर्चमध्ये मोबाइल धरून ठेवला होता. मी साइटवर एका कोपऱ्यात उभं राहून ऐकलं आणि दुपारी परत विटा उचलल्या. त्या दिवशी कुणीतरी यायला हवं होतं रे."

कॉल संपला, तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "आता तुम्ही जा. मतदान सुरू झालंय."

"आईचं नाव काय?"

"सुमती."

नीट जमेपर्यंत त्यांनी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "सुमती कशी होती, सांग."

मी सांगायला लागलो. साडेदहा वाजेपर्यंत सांगत होतो. ते उठले नाहीत.