तुमचा फाटा कुठला?

आमच्या वरच्या मजल्यावरचे साळुंखेकाका दर शुक्रवारी टूरवर जात. टूर म्हणजे दोह्यातल्या आमच्या अल अझीझियातून निघायचं, बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत थांबून गायचं, उम्म सलाल मोहम्मदच्या शेतांवर पोचायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. एवढ्याला आमच्याकडे ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणतात. काका टूर म्हणत, आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगत.

टूरचा पोशाख ठरलेला होता. डोक्यावर मॉलच्या सेलमध्ये घेतलेली रुंद काठाची तपकिरी हॅट. खांद्याला गिटार. गळ्यात कपड्यांच्या हँगरची तार वाकवून केलेली कडी आणि त्या कडीत अडकवलेला माउथ ऑर्गन. पायात मात्र प्लांटवरचे सेफ्टी शूज, पुढे पोलादी टोक असलेले. “ताल ह्याच्यावर धरतो वहिनी, तबलजी लागत न्हाई.” दोह्याच्या जून महिन्यात पार्किंगमधून हा माणूस असा निघाला की वॉचमन उठून सलाम करायचा. त्याला ते कुणीतरी बडे साहेब वाटायचे. मला ते नक्की काय वाटायचे, हे बरेच दिवस माझं मलाच कळलं नाही.

गोंधळ पहिल्या दिवसापासूनच होता. मी त्यांना काका म्हणायची, ते मला वहिनी म्हणायचे आणि माझ्या नवऱ्याला, म्हणजे नितीनला, ‘बाळ’ म्हणायचे. या हिशेबाने मी त्यांची नक्की कोण लागते, हे मी एकदा बोटांवर मोजून बघितलं आणि सोडून दिलं.

पहिली भेट लिफ्टमधलीच. नवीन मराठी माणूस भेटला की लोक कंपनी विचारतात, एरिया विचारतात, शाळेत ॲडमिशन मिळाली का विचारतात. काकांनी हॅट काढली आणि विचारलं, “तुमचा फाटा कुठला?”

“आम्ही नाशिकचे.”

“नाशिक न्हवं वो. यष्टीतनं उतरून घराकडं वळायचं, त्यो फाटा?”

“माहेर चांदोरीकडे आहे. चौफुलीवरून आत.”

“ब्येस,” ते म्हणाले आणि पाचव्या मजल्यावर उतरून गेले. मला चौथ्यावर उतरायचं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात हॅट, गिटार, कडी, सगळं. “तुमचं गानं झालं,” म्हणाले आणि मी ‘या, बसा’ म्हणायच्या आत उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सुरू झाले.

“चौफुलीला उतर बाई, डावा रस्ता धर,
आंब्याखाली टेक जरा, पुढंच तुझं घर.”

आवाज खर्जातला, थोडा फाटका, आणि चाल रडकी म्हणावी तर पाय ठेका धरणारी. पण माझं चालीकडे लक्षच नव्हतं. “डावा नाही हो, उजवा!” मी म्हटलं. “डावीकडे वळलात तर भलतीकडेच जाल. आणि आंबा कुठून आला? चिंच आहे ती.” मग चिंच किती मोठी, तिच्याखाली पाण्याची टाकी कशी, मी होस्टेलहून यायची तेव्हा अप्पा सायकल धरून तिथेच कसे उभे असायचे आणि बॅग कॅरिअरला लावून एक शब्द न बोलता घरापर्यंत कसे चालायचे, हे सगळं मी दारात उभी राहून त्या परक्या माणसाला सांगितलं. नितीनला लग्नाच्या इतक्या वर्षांत यातलं निम्मंही सांगितलेलं नाही. आतून करपल्याचा वास आला तेव्हा मी थांबले. वरण कामातून गेलं होतं.

“दुरुस्त करतो,” म्हणून काका टूरवर निघून गेले.

त्यांच्या या गाण्यांच्या प्रकाराला ते ‘अमेरिकाना’ म्हणत. त्यामुळे अर्ध्या बिल्डिंगचा समज होता की ते अमेरिकेत राहून आलेत, आणि उरलेल्या अर्ध्या बिल्डिंगचा, की ते तिकडे जायच्या तयारीत आहेत. एका घरच्या जेवणाला कुणीतरी त्यांना स्पष्टच विचारलं, “काका, अमेरिका पाहिलीत तरी का कधी?”

“न्हाई. पवाडा गायला किल्ल्यावर जलमावं लागतंय का?” मग आमटीची वाटी खाली ठेवून ते समजावायला लागले. “तिकडची गानी ऐका. एक मानूस असतोय. त्येचं घर लांब असतंय. मधी नुसता रस्ता. कधी ट्रक, कधी रेल्वे. आता सांगा, ही अमेरिका हाय का बरवा अल बराहा?”

यजमानीणबाईंनी विषय बदलायला गुलाबजाम आणले. माझी लेक ईरा, जिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीतून येतं, माझ्या कानाशी म्हणाली, “आई, ही इज अ सॅड मॅन, ऑर अ फनी मॅन?” मी म्हटलं, जेव.

काका बावीस वर्षं कतारमध्ये होते, गॅस प्लांटवर मेकॅनिकल सुपरवायझर. मूळचे वाळवा तालुक्यातले. इथे बायको-मुलं सोबत नसलेल्या माणसाला, मग तो आजोबा का असेना, बॅचलर म्हणतात. लेक अमेरिकेला शिकायला गेली, गावी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा काकू सासूबाईंचं करायला परत गेल्या आणि काका साठीला टेकताना बॅचलर झाले. लेकीचं नाव सई. इथेच लहानाची मोठी झाली, आता तिकडेच नोकरीला. गिटार तिचीच. ती गेल्यावर कपाटावर धूळ खात होती, ती काकांनी काढली आणि मोबाइलवर बघून बघून शिकले. सई ऐकते ती गाणी ऐकायची, म्हणजे फोनवर बोलायला काहीतरी विषय होईल, एवढाच आधी हेतू होता. नंतर ते वाढत गेलं.

टूर मी स्वतः एकदाच पाहिली. थंडीतला शुक्रवार होता आणि उम्म सलाल मोहम्मदला एका शेतावर आम्ही दोन-तीन कुटुंबं सहलीला गेलो होतो. तिथे बीडकडचा पांडुरंग नावाचा ड्रायव्हर होता. पाण्याचा टँकर चालवायचा. सुट्टी म्हणून त्याचे मित्र बरवातून आले होते. काकांनी पांडुरंगाचं गाणं सुरू केलं. गाणं कसलं, पत्ताच तो. पाडळसिंगीला उतर, डावीकडं वळ, शाळा लागेल, पुढे मारुती. दुसऱ्याच ओळीला पांडुरंग उठला.

“थांबा काका. शाळा आधी नाय. मारुती आधी हाय.”

“आरं, शाळाच आधी,” दुसरा म्हणाला. तो शेजारच्या गावचा.

“तुझ्या येळची शाळा पडली की! नवी वरल्या अंगाला बांधली.”

“कवा?”

“दोन सालं झाली. तू कुठं गेलास गावाकडं?”

दुसरा हळूच म्हणाला, “म्हंजी बोरीचं झाड बी गेलं आसल.” “बोर हाय. बोर कशाला जाईल?” पांडुरंग म्हणाला, आणि त्यानंतर गाणं बाजूलाच राहिलं. बोर, बोरीवर चढून पडलेला कुणी भाऊ, त्या भावाचं लग्न, असं ते सगळे एकदमच बोलत सुटले. काका गिटार मांडीवर आडवी घेऊन ऐकत बसले होते.

परत येताना नितीन गाडीत म्हणाला, “माणूस चांगला आहे, पण बेफिकीर. एक पत्ता धड नाही. विचारून घ्यायला काय होतं?” मलाही ते पटलं. प्लांटवर एकेक नट तपासणारा माणूस गाण्यात इतका गबाळा कसा, हे मला कळेना.

मग काकांची रिटायरमेंट आली. इथे नोकरी खलास म्हणजे व्हिसा खलास, आणि व्हिसा खलास म्हणजे घरही खलास. बावीस वर्षांच्या फ्लॅटची किल्ली द्यायची आणि विमानात बसायचं. काकांनी जाहीर केलं की ही फेअरवेल टूर. पण चेहरा उतरलेला होता.

“सईचं गानं बसंना झालंय, वहिनी,” लिफ्टमध्ये म्हणाले. “अख्ख्या कतारचं फाटं झालं. पोरीचंच न्हाई.”

“तुमचा आहे तोच तिचा की.”

“क्येलतं तसं. पेठनाक्याचं. ऐकलं आन् म्हनाली, नाइस, बाबा. बट दॅट्स युवर होम.” त्यांनी ते इंग्रजी जपून, अक्षर अक्षर उच्चारलं. “खरं हाय तिचं. ती सुट्टीला यायची आन् डास मोजून परत यायची. तिचं घर म्हंजे ह्यो फ्लॅट. आन् त्योच मी देऊन चाललोय.”

चौथा मजला आला तरी मी उतरले नाही, पाचव्यापर्यंत त्यांच्यासोबत गेले आणि जिन्याने खाली आले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला वर बोलावलं. घर रिकामं झालं होतं. सोफ्याच्या जागी फरशीवर पांढरा चौकोन उमटला होता. फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात सई, तिच्याकडे सकाळ, हातात कॉफी. “हाय बाबा, आय हॅव अ मीटिंग,” ती म्हणाली. काका एरवी कुणाला घाबरायचे नाहीत, त्या दिवशी त्यांना गिटारचा पट्टा नीट लावता येईना. मग बूट आपटून सुरू झाले.

“इमानातनं उतर पोरी, टॉवर बघत चल,
बेकरीच्या भट्टीपाशी डावीकडं वळ,
लिफ्ट असंल बंद पोरी, जिना चढून ये,
दाराम्होरं चपला काढ, हाक मारून ये.”

फोनमध्ये काहीच हललं नाही. मला वाटलं नेट गेलं.

“चुकलं,” सई म्हणाली.

“काय चुकलं?”

“बेकरीला उजवीकडं बाबा! डावीकडं मशीद आहे. डावीकडं कसं वळणार?”

मी नितीनकडे बघितलं. काकांच्या फोनवर या मुलीच्या तोंडून मी आजवर मराठीचं एक पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं, आणि हे तर थेट वाळव्याचं ‘उजवीकडं’ होतं. सई बोलत सुटली. बेकरीवाला खिडकीतून गरम रोटी द्यायचा, ती घरी पोचेपर्यंत निम्मी संपायची. बाबा प्लांटवरून तसेच हेल्मेट घेऊन स्कूल बसपाशी उभे राहायचे आणि मैत्रिणी हसायच्या म्हणून ती त्यांच्यापासून चार पावलं लांब चालायची. “मी लांब चालायची ना, बाबा?” तिने विचारलं. “तुम्हाला कळायचं?” काका म्हणाले, “ऊन लई असायचं. मी आपला सावली बघून चालायचो.” मग ती रडली. मीटिंगचं पुन्हा तिने नावही काढलं नाही. आम्ही हळूच दार ओढून घेतलं.

जिन्यात मी थांबले. त्याच बेकरीतून मी रोज रोटी आणते. काका बावीस वर्षं आणत होते. तिथून घरी यायला उजवीकडे वळायचं, हे आंधळ्यालाही चुकायचं नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा वर गेले. काका चहाचे कप धूत होते.

“काका, मुद्दाम?”

ते वळले नाहीत. “बरोबर सांगितलं की मानूस मान डोलवतोय आन् गप बसतोय. चुकलं की बोलाय लागतोय. पोरगी फोनवर रोज सांगायची, ठीक हाय. घरचीबी म्हंत्यात, ठीक हाय. ठीक हायच्या म्होरं गाडीच जाईना. मग असं एक वळान चुकवून बघितलं.”

“म्हणजे माझी चिंच? आणि माझं वरण?”

“वरनाचं मला म्हाईत न्हवतं,” ते ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्हीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. पुढच्या सीटवर काका, मांडीवर हॅट, मागे माझ्या शेजारी सईची गिटार. गाण्यातला तो अस्पायरचा टॉवर मागे पडला. नितीनने क्रिकेटचं विचारलं, ऊन किती वाढलंय ते सांगितलं. प्रत्येक वेळी काका म्हणाले, “हां. ठीक हाय.”

आणि मला जाणवलं की साऱ्या कतारला फाटा विचारत फिरलेल्या या माणसाला त्याचा फाटा आमच्यापैकी कुणी कधी विचारलाच नव्हता. मी पुढे वाकले.

“काका, पेठनाक्याला उतरलं की उजवीकडं वळायचं ना?”

त्यांनी मान मागे वळवून माझ्याकडे बघितलं. ओळखलं होतं त्यांनी.

“उजवीकडं?” ते म्हणाले. “आवो वहिनी, उजवीकडं वळला तर शिराळ्याला जाशीला! डावीकडं. आदी रसाचा गाडा लागंल. त्येच्या म्होरं आमच्या मामाचं रान…”

विमानतळावरचा पोलीस ‘यल्ला, यल्ला’ करत गाडी पुढे घ्यायला सांगत होता, नितीन बॅगा उतरवत होता, आणि काका हॅट छातीशी धरून गाडीच्या खिडकीत वाकले होते. ओढ्याच्या पलीकडे दोन वाटा फुटतात आणि नवखा माणूस हमखास तिथेच चुकतो, हे मला पुनःपुन्हा बजावून सांगत होते.